बेत

टेबलावर नकाशा पसरलाय. तीन कोपऱ्यांवर
चहाचा मग, चष्म्याचं घर, मुरंब्याची बरणी,
चौथ्यावर हेडलीचं डावं कोपर.
तो म्हणतो, एप्रिलचा दुसरा आठवडा.
मी म्हणते, मॅग्नोलियाला विचारलंस?

गेल्या साली तारीख धरून गेलो
तर पाकळ्या गवतात,
तपकिरी, कडेने वळलेल्या,
कुणी घाईत काढून टाकलेल्या हातमोज्यांसारख्या.
माळी म्हणाला, मंगळवारी यायला हवं होतं.
मंगळवारी!
जणू मंगळवार दरसाल त्याच फाटकाशी
टोपी काढून उभा असतो.

म्हणून यंदा मी रोज फोन करते.
त्रेवॅनिकच्या तिकीट खिडकीवर केरेन्सा नावाची मुलगी आहे.
आता हॅलोही म्हणत नाही ती, सरळ सांगते:
अजून लव आहे कळ्यांवर,
उंदराच्या कानासारखी.
काल म्हणाली, एकीने जराशी शिवण उसवलीय.

हेडली मात्र गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय.
आयुष्यभर चिनी मातीचे ट्रक हाकले त्याने.
त्याच्या लेखी बाग म्हणजे
गाडीतळ आणि स्वच्छतागृह यांच्यामधलं अंतर.
पण भरती-ओहोटीचं कोष्टक तोच वाचू जाणे:
अकरा चाळीसला खाडीत पाणी,
तेव्हाच होडी धक्क्याला लागते,
दोननंतर नुसता गाळ,
आणि गाळात चोच खुपसत फिरणारे बगळे.
मग पलीकडे जाऊन उतारावरची बाग, वृक्षनेचे,
कॅमेलिया, आणि खाली अचानक
झाडांच्या बुंध्यांमधून
समुद्र.

एवढ्यावर आमचं एकमत आहे.
भांडण त्यापुढे, मोठ्या घरावरून.

आई तिथे कामाला होती.
चौदाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत,
इस्त्रीघरात.
मॅग्नोलियाबद्दल ती कधी बोलली नाही.
बोलायची ती मेजावरच्या चादरींबद्दल:
खळ किती, पाणी किती शिंपडायचं,
बारा हात लांब घडी
दोघींनी कशी चालत चालत घालायची.
आणि बोगद्याबद्दल.
समुद्राकडच्या हिरवळीखालून खणलेला,
जेवायला बसलेल्यांच्या नजरेत
ओल्या कपड्यांच्या टोपल्या येऊ नयेत म्हणून.

आता माहितीपत्रकात बोगद्याला चांदणी आहे.
अवश्य पाहा. डोकं सांभाळा.

मी म्हणते, आधी बोगदा.
हेडली म्हणतो, छे, समोरच्या पायऱ्या,
मोठं दार, दिवाणखाना,
मग काय ते तुझं भुयार.
आई असती तर पायऱ्यांनीच गेली असती,
डोक्यावर हॅट घालून.

गेली असती का?
मी पेन्सिलीने बाण काढते, तो खोडरबर फिरवतो,
त्या जागी कागदच पातळ झालाय.
मला वाटतं
ती कुठूनही आली असती तरी
दोरीपलीकडच्या त्या लांब मेजापाशी थांबली असती,
रखवालदाराची पाठ फिरल्यावर
चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून
उलटा करून पाहिला असता,
आणि काही न बोलता
परत सोडून दिला असता.

हे मी हेडलीला सांगत नाही.
तो सँडविचांचा हिशेब मांडतोय.

तेवढ्यात फोन.
आजवर मीच करायचे, आज तिने केला.
उद्या, म्हणाली केरेन्सा,
फार तर परवा. वारा पडलेला राहिला तर.
शनिवारी वादळ आहे म्हणतात.

मार्चची एकविसावी.
होडीवाला एप्रिलशिवाय फिरकत नाही,
मोठं घरही ईस्टरपर्यंत बंद,
हेडलीचा अख्खा बेत
एका वाक्यात ओहोटीला लागला.
तो खिडकीबाहेर बघतो. धुराडी सरळ धूर सोडतायत.
मग उठतो, गाडीची किल्ली शोधायला.

कोपर उचललं तसा नकाशा
त्या बाजूने आपसूक गुंडाळत आला,
खाडी, उतार, मोठं घर,
थेट बरणीपर्यंत.

ही पण घ्यायची का बरोबर, तो विचारतो.
घे, मी म्हणते. आणि चमचा.